माझ्या नावानं बोललेला नवस

माझी आई चार वर्षं अनवाणी चालली आणि त्या चार वर्षांत तिच्या टाचांच्या भेगांत मलम भरायचं काम माझ्याकडे होतं. दर रविवारी मी तिच्याकडे जायचे. ती कॉटवर बसायची, पाय माझ्या मांडीवर द्यायची आणि टीव्हीकडे बघत राहायची. कोमट पाण्यानं पाय पुसा, कापसानं भेगांतली माती काढा, मलम लावा, मोजे चढवा. एवढी सेवा मी आयुष्यात दुसऱ्या कुणाची केली नाही. ती अनवाणी का चालते हे मला ठाऊक असतं, तर मलमाची ती डबी मी पंचगंगेत भिरकावली असती.

नवस आहे, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कशाचा, ते विचारायचं नसतं. नवस बोलून दाखवला की फळत नाही असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे गल्लीत एखादी बाई अनवाणी दिसली की दुसरी विचारते, ‘नवस हाय व्हय?’ पहिली म्हणते, ‘हाय.’ झालं, विषय संपला. मग अंदाज मी माझा मीच बांधला. दादाच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि वहिनीला मूल नव्हतं. म्हटलं, आई नातवासाठी चालते, दुसरं काय असणार. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढते, आणि तपासल्याशिवाय कुणाला काही सांगत नाही. घरात मात्र मी न तपासता निदान करून मोकळी झाले.

हे ज्या दिवशी सुरू झालं तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं.

मी तेव्हा कोल्हापूरच्या राजारामपुरीत भाड्यानं राहायचे. सोबत एक शाळामास्तरीण होती, मूळची आजऱ्याची. नाव सांगत नाही, आजऱ्याची म्हणते. घरमालकाला आणि माझ्या घरी आम्ही रूममेट होतो. प्रत्यक्षात आम्ही दोघी एकमेकींच्या होतो, भांडणासकट. आई एका दुपारी ओल्या शेंगांची पिशवी घेऊन आली. आजऱ्याची शाळेत गेली होती. आई शेंगा फोडत बसली आणि तिनं स्थळाचा विषय काढला. चौथं स्थळ होतं ते. मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता, म्हणून मी सांगून टाकलं.

‘आई, ती माझी नुसती मैत्रीण नाही. माझं तिच्यावर प्रेम आहे. नवराबायकोत असतं तसं.’

आईचे हात थांबले नाहीत. चार-पाच शेंगा फोडल्यावर ती म्हणाली, ‘मग कालेजातला त्यो पोरगा? त्याच्यापायी म्हैनाभर जेवली न्हाईस की तू.’

‘तेही खरं होतं.’

‘एक कायतरी खरं असंल.’

‘दोन्ही खरं आहे, आई.’

‘दोन्ही कसं असंल?’ ती म्हणाली. शेंगा अर्ध्या तशाच ठेवून उठली, पदर झटकला आणि जिना उतरून गेली. तिच्या चपला आमच्या दाराबाहेर राहिल्या. रागाच्या भरात विसरली असेल असं मला वाटलं. मी त्या पिशवीत घालून दादाकडे पाठवून दिल्या. पुढच्या रविवारी बघते तर बाई अनवाणी.

‘दोन्ही कसं असंल’ हा प्रश्न मला नवा नव्हता. शाळेत असताना मला वर्गातला एक मुलगा आवडायचा आणि खो-खोच्या संघातली एक मुलगीही आवडायची, आणि मला वाटायचं की सगळ्यांचंच असं असतं, फक्त कुणी बोलत नाही. नंतर कळलं की बाकीच्या बोलत नाहीत कारण त्यांना तसं काही वाटतच नाही. पुढं फोनवर वाचताना त्याला उभयलैंगिक म्हणतात हे समजलं. बरं वाटलं. पण हा शब्द घेऊन मी जाऊ कुठं? आमच्या गल्लीत तो उच्चारला असता तर लोकांनी मला एखाद्या रोगाचा डॉक्टर सुचवला असता.

दादानं सुचवलाच. दादा स्वतःला सुधारलेला समजतो, म्हणून त्यानं देवऋषी न सुचवता समुपदेशक सुचवला. मला स्वतःच्या गाडीवर बसवून घेऊन गेला. त्या गृहस्थांनी विचारलं, ‘पुरुषांबद्दल किती टक्के वाटतं आणि स्त्रियांबद्दल किती टक्के?’ मी म्हटलं, समोर कोण माणूस आहे त्यावर आहे. त्यांनी कागदावर ‘गोंधळलेली’ असं लिहिलं. टेबलाच्या पलीकडून उलटं वाचायची मला सवय आहे, लॅबमध्ये अर्धा दिवस तेच करते. मी उठले आणि म्हणाले, ‘गोंधळ तुमचा झालाय. मी कधीपासून स्पष्ट बोलतेय.’ दादानं परतीच्या वाटेवर गाडी जोरात हाणली. त्यानंतर त्यानं माझा विषय वहिनीकडे सोपवला आणि वहिनीनं तो कुणाकडेच सोपवला नाही, तिचे उपकार.

घरी आजऱ्याची तरी समजून घेईल असं मला वाटायचं. ती वेगळ्याच बाजूनं चावायची. मी लॅबमधल्या एखाद्या डॉक्टरचं कौतुक केलं की तिचा चेहरा पडायचा. ‘तुला काय, तुझी गाडी दोन्ही रस्त्यांना चालते,’ असं म्हणायची. ‘एक दिवस मंगळसूत्र घालून मोकळी होशील आणि मी राहीन इथंच.’ मी शपथा घेतल्या, रडले, एकदा ताटही आपटलं. तिला वाटायचं मी अर्धीच तिची आहे आणि उरलेली अर्धी कुणा पुरुषासाठी राखून ठेवली आहे. आईला वाटायचं मी पूर्ण बिघडले आहे. माझ्याबद्दल दोघींचं मत एवढं ठाम, आणि मला विचारायची गरज दोघींपैकी एकीलाही वाटली नाही.

दीड वर्षानं वहिनीला मुलगी झाली. बाळ गुटगुटीत, घरात पेढे, आणि आई तशीच अनवाणी बारशाला पाहुण्यांच्या पाया पडत फिरतेय. माझं डोकंच फिरलं. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ‘मुलगी झाली म्हणून नवस फिटला नाही होय? नातूच पाहिजे तुला?’ बायकांचे हक्क, गर्भलिंगनिदान, मी काय काय बोलले. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘तू तुझं बघ.’ त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. उलट मी दोन महिने तिच्याशी धड बोलले नाही. मलम मात्र लावत होते.

तिसऱ्या वर्षी तिला साखर निघाली. नमुना मीच घेतला, रिपोर्ट मीच छापला. साखरेची तीन महिन्यांची सरासरी एवढी चढली होती की मी नमुना पुन्हा यंत्रात घातला. साखरेच्या माणसाच्या तळपायाची जाणीव कमी होत जाते, काच रुतली तरी समजत नाही. हे मी रोज दहा लोकांना समजावून सांगते. आईला मी मऊ तळाच्या चपला तीन वेळा आणून दिल्या. तिन्ही जोड कपाटाखाली खोक्यात गेले. ‘नवस फिटू दे,’ एवढंच तिचं उत्तर.

त्याच वर्षी मी आणि आजऱ्याची वेगळ्या झालो. कारण अगदी साधं होतं. तिची बदली झाली, दर शनिवारचं येणं महिन्यावर गेलं, फोनवर फक्त भांडणं उरली. त्यात पुरुष नव्हता, देव नव्हता, आईही नव्हती. चार-सहा महिने मी फार वाईट अवस्थेत होते. आईनं विचारलं, ‘ती गेली व्हय?’ मी हो म्हटलं. तिनं हात जोडून कपाळाला लावले. मला वाटलं, सवयीनं लावले.

वडगावचा नंतर आला. पेठ वडगावचा, म्हणून वडगावचा. लॅबमधली यंत्रं दुरुस्त करायला यायचा. कामात चोख, बोलण्यात आखडू, आणि चहा पिताना यंत्राला शिव्या घालणारा. मला तो आवडला. मनापासून आवडला, आधीच्या दुःखावर पट्टी म्हणून नाही. दुसऱ्या भेटीतच मी त्याला सगळं सांगितलं, आजऱ्याचीसकट. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, ‘बरं झालं सांगितलंस.’ मला ते पुरेसं वाटलं. आता वाटतं, ‘तुला काय समजलं?’ हा पुढचा प्रश्न मी विचारायला हवा होता.

लग्न ठरलं आणि कोल्हापुरात जणू माझा सत्कार सुरू झाला. दादा मिठी मारून रडला. ज्या चुलत्यानं तीन वर्षं माझ्याकडे बघितलं नव्हतं, तो ‘शेवटी वळणावर आली’ असं माझ्यासमोर म्हणाला. आजऱ्याचीचा एका ओळीचा मेसेज आला : ‘गेलीसच शेवटी त्यांच्यात.’ मी लिहिलं की मी कुणाच्यात गेले नाही, मी जिथं होते तिथंच आहे. सगळेजण माझं लग्न मी सोडून दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं साजरं करत होते आणि मी हळद लावून घेत दात आवळून बसले होते.

लग्नानंतर देवदर्शन असतं. आमच्याकडे नवं जोडपं आईच्या माहेरच्या देवीलाही जातं. ते गाव बिद्रीच्या पुढं आहे. वैशाखाचं ऊन होतं, साखर कारखान्याचा हंगाम संपलेला, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या गाड्या नव्हत्या आणि आम्ही अकराच्या आत पोचलो. मी हिरव्या साडीत, हातात चुडा. सोबत वडगावचा, दादा-वहिनी, त्यांची छोटी, आई, आणि तिथं गावातच राहणारी मावशी. नारळ फुटला, ओटी भरली. मी निघायला वळले तर आई देवळाच्या दगडी पायरीवर बसली आणि तिनं पिशवीतून खोकं काढलं. त्यात मी आणलेल्या तीन जोडांपैकी एक होता.

‘हिकडं ये,’ ती म्हणाली. ‘तुझ्या हातानं घाल.’

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंदच झाला. मी विचारलं, ‘फिटला नवस?’

‘फिटला,’ आई म्हणाली, आणि आता बोलून दाखवायला हरकत नव्हती म्हणून तिनं सगळ्यांदेखत बोलून दाखवला. ‘माझ्या पोरीनं त्या बाईचा नाद सोडावा, तिचं मन बाप्याकडं वळावं, तिचं लगीन व्हावं. झालं की तुझ्या दारात तिच्याच हातानं पायात घालीन, तवर अनवाणी. असा नवस केल्ता मी.’ मग देवीकडे वळून म्हणाली, ‘पावलीस, आई.’

मावशीनं पदरानं डोळे पुसले. दादानं हात जोडले. ही गोष्ट त्याला ठाऊक होती की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही. मी तिथं उभी राहून रविवार आठवत होते. ज्या भेगांत मी मलम भरत होते त्या माझ्याविरुद्ध पाडलेल्या होत्या. चार वर्षं ती एकेक पाऊल टाकत माझं वाईट नव्हे, माझं नसणं मागत होती. मी त्या पावलांना मोजे चढवत होते. मला इतका राग आला की कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं.

वडगावच्यानं माझ्या कोपराला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘घाल की. तुझं काय जातंय? म्हाताऱ्या माणसाचं समाधान.’

मी चप्पल हातात घेतली. आईनं उजवा पाय पुढं केला. त्या पायाची करंगळी काळपट दिसत होती, रविवारी दिसली नव्हती. मी गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, ‘आई, मी बदलले नाही. तिच्यावर प्रेम होतं ते खरं होतं. ह्याच्यावर आहे तेही खरं आहे. तुझा नवस फळलेला नाही.’

‘आता लगीन झालं की.’

‘लग्न झालं म्हणून मी दुसरी झाले नाही. उद्या परत बाई आवडूही शकते. मी तसं वागणार नाही, कारण ह्याला शब्द दिलाय. पण माझं मन होतं तेच आहे.’

दादा म्हणाला, ‘देवळात तरी गप्प बस.’

‘चप्पल मी घालते,’ मी आईला म्हटलं. ‘तुझा पाय वाईट झालाय म्हणून घालते. देवीला तसं सांग. मी बरी झाले म्हणून घालते असं सांगायचं नाही.’

आई माझ्याकडे बघत राहिली. दगड तापला होता आणि तिचे पाय त्यावरच होते, तिला चटका समजत नव्हता. मग तिनं माझ्या हातातून चप्पल काढून घेतली, खोक्यात ठेवली, खोकं पिशवीत घातलं.

‘देवाला खोटं सांगून फेडू व्हय?’ ती म्हणाली. ‘मग न्हाय फिटला.’ आणि पायऱ्या उतरून उन्हातून गाडीकडे चालत गेली.

आम्ही कोल्हापूरला परतलो. आईला आणि दादाच्या कुटुंबाला सोडल्यावर वडगावच्यानं तोंड उघडलं. ‘मला वाटलं होतं ते सगळं संपलं.’ मी म्हटलं, ती माझ्या आयुष्यातून गेली, बाकी मी तीच आहे, दुसऱ्या भेटीत सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘म्हणजे मी आता बायकांवर पण लक्ष ठेवायचं आणि गड्यांवर पण?’ मी विचारलं, तू ज्या पन्नास लॅबमध्ये जातोस तिथल्या पोरींवर मी लक्ष ठेवते का? आठवडाभर आमच्यात मीठ-मसाल्यापुरतं बोलणं होतं. एका सकाळी चहा करताना त्यानं विचारलं, ‘तिचं आणि तुझं कशावरनं भांडण व्हायचं?’ पहिल्यांदाच त्यानं आजऱ्याचीबद्दल माणसासारखं विचारलं. मी सांगितलं. अजून आम्ही एकत्र आहोत, पण मी त्याच्यावर पूर्ण खूष आहे असं कुणी समजू नये.

पावसाळ्याच्या तोंडाला आईची करंगळी गेली. त्याच काळवंडलेल्या बोटात घरामागच्या परड्यात काटा रुतला, तिला तो समजलाच नाही, आणि रविवारचं माझं जाणं बंद झालेलं. दादाचा फोन आला तेव्हा वास सुटला होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘घरात लॅबवालं माणूस असून एवढं कसं झालं?’ देवळात मी मुकाट्यानं ती चप्पल घातली असती, तर ते बोट आज जागेवर असतं, हे मला कळतं. रोज कळतं. मला तिचं अतोनात वाईट वाटतं. आणि पुन्हा ती पायरी समोर आली तर मी पुन्हा तेच बोलेन, याचीही मला खात्री आहे. एवढा राग कुठून येतो माझ्यात, असं पूर्वी मी स्वतःला विचारायचे. आता आईच्या पायाकडे बघते आणि विचारत नाही.

दवाखान्यात चौथ्या दिवशी दुपारी मावशी आली, सोबत गावच्या दोन बायका. आई पलंगावर टेकून बसली होती, पायाला भलं मोठं बँडेज. मी पायथ्याशी उभी राहून तिचा तक्ता वाचत होते. माझ्याशी ती ऑपरेशनपासून बोलत नव्हती. बायकांनी केळी काढून ठेवली, पायाकडे बघून चुकचुकल्या. त्यातली एक म्हणाली, ‘पोरीचं लगीन झालं, नवस फिटला म्हणं. मग पायाला का असं व्हावं?’

‘फिटल्याला न्हाय,’ आई म्हणाली.

‘आता जावई आला की घरात.’

‘जावई येऊन काय करतोय?’ आईचा आवाज चढला. शेजारच्या पलंगावरची बाईसुद्धा मान वळवून बघायला लागली. ‘तिला बाई बी आवडती आन बाप्या बी आवडतोय. पयल्यापास्नं तशीच हाय ती. लगीन लावलं म्हणून तिच्यातलं काय कमी झालं न्हाय आन ती सोडली म्हणून बी काय कमी झालं न्हाय. तोंडावर सांगितलंय तिनं मला, देवाच्या दारात.’ आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं, मी नजरेला पडू नये म्हणून.

एवढ्या तिरस्कारानं आई माझ्याबद्दल पूर्वी कधी बोलली नव्हती. आणि एवढं बरोबर माझ्याबद्दल आजवर कुणीच बोललं नव्हतं.

दोन्ही बायका माझ्याकडे बघत होत्या. मावशीनं हळूच विचारलं, ‘व्हय गं?’

‘व्हय,’ मी म्हणाले.